सापाच्या जेवणासाठी तापमापक बंदूक: वापरून बनलेलं मत

आमचा शेठ म्हणजे बॉल पायथन, वयात आलेला नर. या जातीला उपास नवा नाही. थंडीत आणि मिलनाच्या काळात धडधाकट नरसुद्धा महिनोन्‌महिने काही खात नाहीत आणि त्यांचं वजनही फारसं उतरत नाही. हे सगळं माहीत असूनही समोर धरलेल्या उंदरापासून साप तोंड फिरवतो तेव्हा आपला जीव वर-खाली होतोच. मग खरेदी सुरू होते. मी वासाचे थेंब आणले, जे उंदरावर चोळायचे. शेठने एकदा जीभ लावली आणि पेटीतल्या लपायच्या बिळात निघून गेला. बाटली तशीच पडून आहे.

उपयोगी पडलेली वस्तू सापासाठी बनलेलीच नाही. ती म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर, मेकॅनिक लोकांच्या हातात दिसते ती पिस्तुलासारखी बंदूक. घोडा दाबला की समोरच्या पृष्ठभागाचं तापमान पडद्यावर.

बॉल पायथनच्या ओठांच्या खवल्यांमध्ये बारीक खळगे असतात आणि त्यांतून त्याला उष्णता कळते. गरम रक्ताचं भक्ष्य तो अंधारात असंच हेरतो. आपण देतो तो फ्रीझरमधला उंदीर: रात्रभर फ्रिजमध्ये वितळवलेला, मग झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवलेला. (मायक्रोवेव्हमध्ये नाही. आतून शिजतो, पोट फुटतं, आणि ते साफ करायला आपणच असतो.) बोटाला तो छान कोमट लागतो. पण बंदूक लावली की खरं काय ते कळतं. पिशवीतून काढताना डोकं ३७ अंश असतं, पेटीचं दार सरकवून चिमट्याने आत धरेपर्यंत २९. पिशवीत पाणी शिरलं असेल तर ओल्या केसांतून वाफ उडते आणि कातडी भराभर गार होते. शेठपुढे आजवर जे येत होतं ते त्याच्या लेखी उंदीर नव्हतंच.

आता मी उंदीर टिशूने कोरडा पुसते, हेअर ड्रायरचा झोत फक्त डोक्यावर धरते, बंदुकीवर ३९-४० दिसलं की लगेच आत. फरक मानेत दिसतो. आधी सरळ पडलेली मान हळूहळू इंग्रजी एसच्या आकारात मागे ओढली जाते, जिभेचं लवलवणं मंदावतं, आणि मग झडप इतकी झटकन येते की चिमटा हातातून निसटतो. दर वेळी येते असं नाही. पण निदान नकार आला तर तो गार भक्ष्यामुळे नव्हता, एवढी खात्री असते.

बंदुकीचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. पेटीच्या काचेला चिकटवायचा गोल काट्याचा तापमापक ३२ दाखवत होता. बंदूक गरम बाजूच्या बिळाच्या जमिनीवर धरली तर २७. साप राहतो जमिनीवर, काट्याजवळ नाही. अंगाला ऊब नसेल तर गिळलेलं पचत नाही, आणि असा साप खायलाच नको म्हणतो. गरम बाजू ३१ ते ३३ आणि थंड बाजू २५-२६ च्या आसपास नीट बसवल्यावर शेठचा नूर बदलला. ते काम मात्र हीटर चालू-बंद करून तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचं. बंदूक फक्त चुगली करते.

आता तिच्या खोडी. नेम धरायला बंदुकीतून लेझरचा लाल ठिपका पडतो, तेवढ्याच जागेचं तापमान मिळतं हा गैरसमज. डब्यावर १२:१ लिहिलेलं असेल तर १२ सेंटिमीटरवरून साधारण १ सेंटिमीटर रुंद वर्तुळाची सरासरी मिळते. दूर जाल तसं वर्तुळ मोठं. उंदराचं डोकं मोजायचं तर जवळच जावं लागतं. काचेआडून मोजाल तर काचेचंच तापमान मिळेल. चकचकीत स्टीलच्या पाणवाटीवर आकडा हमखास चुकतो. हवेचं तापमान ती मुळीच सांगत नाही, त्यासाठी प्रोबवाला, म्हणजे तारेच्या टोकाला सेन्सर असलेला, वेगळा तापमापक हवाच. आणि कपाळावर ताप मोजायचा थर्मामीटर घरात आहे म्हणून तोच वापरू नका. तो माणसाच्या तापाच्या टप्प्यापुरता बनवलेला असतो.

उपाशी सापाची सगळी कारणं हिच्याने सुटत नाहीत, हेही सांगायला हवं. डोळे दुधाळ निळसर झाले असतील तर कात टाकेपर्यंत वाट बघा. उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाहून जाड असेल तर लहान आणा. अंग चिकटेल एवढं घट्ट बीळ दोन्ही बाजूंना नसेल तर साप आधी लपायची जागा शोधतो, जेवणाचं नंतर. नकार मिळाला की आठवडाभर पेटीला हात लावू नका. रोज उंदीर नाचवला तर साप आणखी बिथरतो. वजन मात्र काट्यावर करत राहा. वजन सतत उतरत असेल, श्वासाला घरघर असेल, तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसली तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा, आणि तोवर घरच्या घरी घशात काही कोंबू नका.

बंदुकीला माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कापला तो लेझरसाठी. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर नुसता पारदर्शक खवला, आणि माझ्या बंदुकीत ठिपका बंद करायला दोन बटणं एकदम दाबून धरावी लागतात. घेताना त्यासाठी वेगळं बटण आहे का ते बघून घ्या.