नोकरीचं इंग्रजी: क्लास लावायचा, कार्डं पाठ करायची की जाहिरात समोर घेऊन बसायचं?

टर्नरचा आयटीआय पूर्ण केलेल्या एका मुलाची मी मुलाखतीची तयारी करून घेत होते. "टेल मी अबाउट युअर जॉब," असं विचारल्यावर तो लगेच म्हणाला, "जॉब इज राउंड, फिफ्टी एमएम." त्याचं त्याच्यापुरतं बरोबरच होतं. वर्कशॉपमध्ये लेथच्या चकमध्ये पकडतात तो धातूचा तुकडा म्हणजे जॉब, आणि दोन वर्षं रोज त्याने हा शब्द ह्याच अर्थाने वापरला होता. मुलाखतीच्या टेबलावर त्याचा अर्थ बदलतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "मॅडम, क्लास लावू की मोबाइलवर शब्द पाठ करू?" तिसरा रस्ता फारसं कोणी विचारत नाही. तो म्हणजे ज्या पदासाठी अर्ज करायचा त्याच्या जाहिराती आणि आपल्याच कामाचे कागद घेऊन त्यांतलं इंग्रजी शिकणं. माझा कल ह्या तिसऱ्याकडे आहे, हे आधीच सांगते. पण तो प्रत्येकाला पुरेल असं नाही, म्हणून तिन्हींकडे बघू.

क्लास

क्लासमध्ये जीभ सुटते. घरात, गावात ज्याच्याशी इंग्रजी बोलणारं कोणीच नाही, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. ठरलेली वेळ असते, फी भरलेली असते, त्यामुळे माणूस जातो.

पण शब्दसंग्रहासाठी क्लास लावत असाल तर आधी एक डेमो लेक्चर करा आणि घड्याळ लावून बघा की तुम्ही स्वतः किती वेळ बोललात. तीस जणांची बॅच आणि एक तास, म्हणजे सर गप्प बसले तरी वाट्याला दोनच मिनिटं. दुसरं, छापील साहित्य मागून बघा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला तिच्या क्लासने शब्दांची पुस्तिका दिली होती, ए ते झेड अशा क्रमाने. दीड महिन्यात ती 'डी'पर्यंत पोचली होती. 'सॅलरी', 'शिफ्ट', 'सुपरवायझर' हे तिच्या कामाचे शब्द अजून खूप दूर होते आणि मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. तिची मेहनत बघून मला फार वाईट वाटलं.

शब्दयाद्या आणि कार्डं

सगळ्या याद्या अशा नसतात. १९५३ साली मायकल वेस्ट ह्यांनी साधारण दोन हजार शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली, ती शब्द किती वेळा भेटतो आणि किती उपयोगी पडतो ह्यावर बेतलेली होती. हे वेस्ट त्याआधी ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. आपल्या उपखंडातल्या मुलांना इंग्रजी कसं शिकवावं ह्यावर त्यांनी तिथेच काम केलं. त्याच वाटेने पुढे व्यवसायातल्या इंग्रजीसाठी सुमारे १,७०० शब्दांची 'बिझनेस सर्व्हिस लिस्ट' तयार झाली, आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. वर्णक्रमाच्या पुस्तिकेपेक्षा ती केव्हाही चांगली.

पाठ करण्यासाठी 'अँकी' हे अ‍ॅप अँड्रॉइडवर आणि संगणकावर मोफत आहे. आयफोनवर मात्र पैसे पडतात. जे कार्ड आठवलं नाही ते लवकर परत येतं, जे आठवलं ते जास्त दिवसांनी येतं, एवढीच त्याची युक्ती. शिकलेलं आपण किती झपाट्याने विसरतो, हे जर्मनीत हेर्मान एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून १८८५ सालीच मांडलं होतं. रोज बसमध्ये दहा मिनिटं देणाऱ्याला सहा महिन्यांत ह्याचा खरोखर फायदा होतो.

जोड्यांमध्ये गोंधळ होतो तिथे तर कार्डं उत्तमच. 'एम्प्लॉयर' म्हणजे नोकरी देणारा आणि 'एम्प्लॉयी' म्हणजे करणारा. मराठीत मालक आणि कर्मचारी हे शब्द एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत, इंग्रजीत फरक फक्त शेपटात आहे. 'सॅलरी' हा महिन्याचा ठरलेला पगार, 'वेजेस' म्हणजे तासावर किंवा रोजावर मिळणारी मजुरी. 'व्हेकन्सी' म्हणजे रिकामी जागा, 'व्हेकेशन' म्हणजे सुट्टी.

अडचण अशी की कार्डावर एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिला, तर वाक्य जुळत नाही. 'रिस्पॉन्सिबल म्हणजे जबाबदार' हे पाठ असलेली मुलं त्याच्यापुढे 'फॉर' लावायला अडखळतात. म्हणून कार्डावर पूर्ण मराठी वाक्य लिहा आणि मागे पूर्ण इंग्रजी वाक्य. ती वाक्यं आणायची कुठून, ह्याचं उत्तर पुढच्या रस्त्यावर आहे.

जाहिरात आणि आपले कागद

एकाच पदाच्या आठ-दहा जाहिराती गोळा करा. कंपन्या वेगळ्या असू देत, पद एकच हवं. पेन्सिल घेऊन फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. स्टोअर असिस्टंटच्या जाहिरातींत 'मेन्टेन', 'इश्यू', 'रिसीव्ह', 'चेक', 'अपडेट' फिरून फिरून येतील. चौथ्या-पाचव्या जाहिरातीनंतर नवीन क्रियापदं जवळजवळ थांबतात, आणि त्या पदाचं इंग्रजी नेमकं किती आहे ते डोळ्यांना दिसतं. मग प्रत्येक क्रियापद घेऊन स्वतःच्या कामाचं एकेक वाक्य करा. त्या टर्नरची वाक्यं शेवटी अशी झाली: "आय मशीन शाफ्ट्स ऑन अ लेथ. आय चेक द साइझ विथ अ मायक्रोमीटर. आय रिपोर्ट टू द शिफ्ट सुपरवायझर."

शेवटच्या वाक्यासाठी आम्हाला बराच वेळ लागला, कारण मराठीत आपण 'हाताखाली' म्हणतो. मी साहेबांच्या हाताखाली काम करतो, माझ्या हाताखाली सहा जण आहेत. हा हात इंग्रजीत शब्दशः नेला की वाक्य कोसळतं. तिथे तळातला वरच्याला 'रिपोर्ट' करतो: "सिक्स पीपल रिपोर्ट टू मी." असंच 'नोकरी करतो' ह्याचं 'आय अ‍ॅम डूइंग जॉब' होतं, हवं ते 'आय वर्क फॉर' आणि पुढे कंपनीचं नाव, किंवा 'आय वर्क अ‍ॅज' आणि पुढे पद. मराठीत कामं दहा असतात, इंग्रजीत 'वर्क' ह्या अर्थाने मोजता येत नाही, मोजायचं तर 'टास्क्स' किंवा 'जॉब्स'.

काही ठिकाणी मराठी उलट मदतीला येते. "व्हॉट डू यू डू?" आणि "व्हॉट आर यू डूइंग?" ह्यांत मुलं फार चुकतात. पण 'तू काय करतोस?' आणि 'तू काय करतोयस?' ह्यांत कोणीच चुकत नाही! पहिल्याला आपण नोकरी सांगतो, दुसऱ्याला 'जेवतोय' म्हणतो. फरक तोच आहे. हे एकदा दाखवलं की चेहरे उजळतात, आणि मला शिकवण्यातला सगळ्यात जास्त आनंद ह्याच क्षणी होतो.

नोकरी मिळाल्यावर हातात येणारं ऑफर लेटर तर अर्थ कळल्याशिवाय सही करू नये असं. 'सीटीसी' म्हणजे तुमच्यावर होणारा कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च. पीएफमधला कंपनीचा हिस्साही सहसा त्यातच धरलेला असतो, त्यामुळे हातात येणारा पगार कमी असतो. 'प्रोबेशन' किती महिने आणि 'नोटीस पिरियड' किती, ह्या दोन ओळी मी मुलांना मोठ्याने वाचायला लावते.

कामावरून कमी करण्याचे शब्द तर देशागणिक बदलतात. अमेरिकेत 'लेड ऑफ' म्हणजे नोकरी गेली, पण दोष कामगाराचा नाही. दोष त्याचा असेल तर 'फायर्ड'. ब्रिटनमध्ये पहिल्याला 'मेड रिडंडंट' म्हणतात, दुसऱ्याला 'सॅक्ड'. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'ले-ऑफ' तात्पुरता होता: वीज नाही, कच्चा माल नाही, मशीन बंद, म्हणून काम देता येत नाही, पण नाव मस्टरवर कायम. कायमचं कमी करणं म्हणजे 'रिट्रेंचमेंट'. मराठीत आपण सगळ्यालाच 'काढलं' म्हणून मोकळे होतो. मुलाखतीत "आधीची नोकरी का सुटली?" ह्याला कंपनीच बंद पडलेली असताना "आय वॉज फायर्ड" म्हणणारी व्यक्ती स्वतःवर नसलेला दोष ओढवून घेते.

ह्या रस्त्याची उणीव सरळ आहे. कागद बोलत नाही. उच्चार ऐकायला केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश घ्या, त्यात ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. प्रश्न विचारायला मात्र माणूसच हवा. भाऊ, मैत्रीण, कोणीही, त्याने कागदावरचे प्रश्न नुसते वाचून दाखवले तरी चालेल.

मग तुमचं काय?

मुलाखत महिन्याभरात असेल तर क्लास नको. जाहिराती घ्या, वीस वाक्यं तयार करा, रोज कोणाला तरी ऐकवा. सहा महिने हातात असतील तर हीच वाक्यं कार्डांवर टाका आणि संख्या शंभर-दीडशेवर न्या. वाचलेलं समजतं पण तोंडच उघडत नाही, अशांनी क्लास जरूर लावावा, मात्र लहान बॅचचा, आणि स्वतःची वीस वाक्यं घेऊन जावं.

पुण्या-मुंबईतच नोकरी करायची तर 'फ्रेशर', 'हाइक', 'डू द नीडफुल' ह्या आपल्याकडच्या इंग्रजीतल्या शब्दांना घाबरू नका. इथे सगळ्यांना समजतात. परदेशी माणूस समोर असेल तर जपा. ब्रिटनमध्ये 'फ्रेशर' म्हणजे विद्यापीठात नुकताच आलेला विद्यार्थी, आणि 'आय पास्ड आउट' ऐकून अमेरिकन माणसाला तुम्ही चक्कर येऊन पडलात असं वाटेल. तिथे 'आय ग्रॅज्युएटेड' किंवा 'आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा' म्हणा.

ब्रिटनला जाऊ पाहणाऱ्या नर्सेसना तर मी सामान्य ऑफिस इंग्रजीच्या यादीला हात लावू नका असंच सांगते. तिकडे चालणाऱ्या 'ओईटी' ह्या आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या बोलण्याच्या भागात दोन प्रसंग वठवायचे असतात, आणि त्यांत तुम्ही नर्सच असता. रुग्णाला धीर देणं, औषध कसं घ्यायचं ते समजावणं, नातेवाइकांना उत्तर देणं, हे तुम्ही वॉर्डात रोज मराठीत करता. आजच्या ड्यूटीत कोणाशी काय बोललात ते रात्री वहीत लिहा, आणि त्यातली पाच वाक्यं इंग्रजीत करा.