बॅटलफील्ड 6 की ब्लॅक ऑप्स 7? कोल्हापुरात एकच घ्यायचा असेल तर

युद्धाचा एकच शूटर, म्हणजे गोळीबाराचा व्हिडिओ गेम, घ्यायचाय आणि समोर दोन आहेत: 10 ऑक्टोबर 2025 ला आलेला बॅटलफील्ड 6 आणि त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, 14 नोव्हेंबरला आलेला कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स 7. समीक्षकांनी पहिल्याला उचलून धरलं आणि दुसऱ्याला झोडपलं, एवढं कानावर आलं असेलच. तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. कौतुक नेमकं कोणत्या भागाचं झालं आणि मार कशाला बसला, हे पाहिलं तर काही जणांसाठी उत्तर उलटं निघतं.

बॅटलफील्डचं कौतुक आहे ते मल्टिप्लेयरचं, म्हणजे इंटरनेटवर इतर खेळाडूंशी लढायच्या भागाचं, आणि ते रास्त आहे. 2021 च्या बॅटलफील्ड 2042 ने जुन्या चाहत्यांना फार दुखावलं होतं. कॅम्पेन, म्हणजे कथेचा भाग, नाही, सुरुवातीला धड स्कोअरबोर्डसुद्धा नाही, आणि ठरलेल्या क्लासऐवजी (ज्याचं त्याचं काम ठरवून देणाऱ्या सैनिकांच्या प्रकारांऐवजी) नावं असलेली पात्रं. नव्या भागात असॉल्ट, इंजिनियर, सपोर्ट आणि रेकॉन हे चार क्लास परत आले. भिंती पुन्हा खऱ्या अर्थानं कोसळतात. खिडकीत स्नायपर बसलाय? रणगाड्यानं ती भिंतच पाडा. रणगाडा धूर ओकायला लागला की मागून इंजिनियर ब्लो टॉर्चनं तो दुरुस्त करत चालतो. जखमी साथीदाराला उघड्यावर उठवत बसावं लागत नाही, ओढत आडोशाला नेऊन उठवता येतं. एवढ्या एका सोयीनं खेळाची चाल बदलली आहे, कारण आता माणूस वाचवायला जाणं म्हणजे हमखास मरणं राहिलेलं नाही.

राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे फुटबॉल सामने बघत वाढलेल्याला हा खेळ लगेच कळेल. मागचे धड असतील तरच पुढचा गोल मारतो. चार दोस्त रोज रात्री एकत्र बसणार असतील तर बॅटलफील्डच घ्या, भावांनो. एकट्यानं खेळलात तर मात्र अनोळखी स्क्वाडमध्ये (तुकडीत) कोणी उठवायला येत नाही आणि निम्मी मजा तिथंच संपते. बरेच नकाशे लहान आणि कोंदट आहेत, ही तक्रारही खरी आहे. मोकळ्या मैदानावर विमानं उडवायची हौस असणाऱ्यांची थोडी निराशा होईल.

तरीही पहिल्या तीन दिवसांत 70 लाखांहून जास्त प्रती खपल्या. या मालिकेची धुरा तेव्हा विन्स झँपेला यांच्याकडे होती. कॉल ऑफ ड्यूटी जन्माला घालणाऱ्या इन्फिनिटी वॉर्डच्या संस्थापकांपैकी ते एक. डिसेंबर 2025 मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं. दोन्ही मालिकांवर एवढा ठसा उमटवलेला दुसरा माणूस मला आठवत नाही.

आता ब्लॅक ऑप्स 7. समीक्षा आणि गुण गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर खेळाडूंनी दिलेले गुण दहापैकी दोनाच्याही खाली गेले. बराचसा राग कॅम्पेनवर आहे, आणि मलाही तो पटतो. ते चार जणांनी मिळून खेळण्यासाठी रचलंय. एकटे खेळलात तर सोबतीला कॉम्प्युटरचे सैनिकसुद्धा मिळत नाहीत. सतत इंटरनेट लागतं, आणि गेम आला तेव्हा पॉजही करता येत नव्हतं. आईनं जेवायला हाक मारली आणि उठलात, तर निष्क्रिय म्हणून बाहेर काढलं जाण्याची भीती होती. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाइट आणि नेट कधी जातील याचा नेम नसतो, तिथं असं कॅम्पेन विकत घेण्यात अर्थ नाही. एआयनं बनवल्यासारखी दिसणारी कॉलिंग कार्डं (खेळाडूच्या नावासोबत दिसणारी चित्रं) पाहून लोक आणखी चिडले. पूर्ण पैसे मोजणाऱ्याला हाताची कलाकारी मागायचा हक्क आहे.

पण त्याच समीक्षकांनी मल्टिप्लेयर आणि झॉम्बीला (मिळून झॉम्बींच्या लाटा परतवायच्या प्रकाराला) बरं म्हटलंय, हे त्या गदारोळात बुडालं. मल्टिप्लेयरचा डाव दहाएक मिनिटांत संपतो. कामावरून दमून आलेल्या, एकट्यानं खेळणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं आहे. शिवाय यावेळी जोड्या लावताना कौशल्याचा विचार कमीत कमी ठेवलाय, त्यामुळे प्रत्येक सामना अंतिम फेरीसारखा घाम काढत नाही. झॉम्बीचे चाहते असाल तर प्रश्नच नाही, बॅटलफील्डमध्ये तो प्रकारच नाही. मात्र पूर्ण किमतीला घेऊ नका. सेलची वाट बघा, किंवा गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीवर महिनाभर खेळून बघा.

कॅम्पेनसाठीच घेणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही नकोत. बॅटलफील्डचं कॅम्पेनही समीक्षकांना फिकं वाटलं. त्यापेक्षा 2024 चा ब्लॅक ऑप्स 6 घ्या, त्याच्या कॅम्पेनचं मनापासून कौतुक झालं होतं.

पीसीवाल्यांनी पैसे भरण्याआधी एक गोष्ट तपासाच. दोन्ही गेमना सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू लागतं. राजारामपुरीत काही वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला पीसी असेल तर विंडोज जुन्या पद्धतीनं टाकलेलं असण्याची शक्यता आहे. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. बायोस मोडसमोर लेगसी (जुनी पद्धत) दिसलं, तर आधी डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारावरून जीपीटी या नव्या प्रकारावर न्यावी लागेल, मग बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) यूईएफआय ही नवी पद्धत आणि सिक्युअर बूट चालू करावं लागेल. त्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, नाहीतर दुकानातल्या जाणकाराकडून करून घ्या. बॅटलफील्डला किमान 16 जीबी रॅम आणि आरटीएक्स 2060 च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड हवं.

मशीनला गेम झेपेल का याची खात्री नसेल तर आधी बॅटलफील्डचा फुकट बॅटल रोयाल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकणारा प्रकार), रेडसेक, उतरवून घ्या. बंदुका तशाच, फसवेगिरी रोखणारं अँटिचीट तेच. कॉल ऑफ ड्यूटीसाठी तसाच फुकट वॉरझोन आहेच. तिथं फ्रेम अडखळल्या तर विकतच्या गेममध्ये वेगळं काही होणार नाही. आणि पीसी गेमच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलाच, तर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तोवर परतावा मागता येतो, तेव्हा पहिल्या दिवशी थेट मल्टिप्लेयर लावून बघा.