रात्री ‘घरपोच पशुवैद्य’ शोधताय? आधी हे वाचा

माझे 13,298 रुपये गेले. 499 ‘व्हिजिट बुकिंग’चे, 2,800 सलाईन-इंजेक्शनचे आणि शेवटी ‘रिफंड’च्या नावाखाली पाठवलेल्या क्यूआरवर 9,999. डॉक्टर आलाच नाही.

आमची लॅब्राडोर 13 वर्षांची. आधी पिवळ्या फेसाच्या उलट्या, मग प्यायलेलं पाणीही पोटात टिकेना. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन बंद. नेटवर सगळ्यात वर ‘24 तास, घरी येऊ’ असा नंबर. ‘घाबरू नका ताई, डॉक्टर निघालेत.’ पुढची चाल तुम्हाला ठाऊकच आहे: थोडे पैसे, मग जास्त, मग ‘गाडी बंद पडली, रिफंड करतो, स्कॅन करून पिन टाका’. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही.

पण मला जाळते ती दुसरीच गोष्ट. त्याने तिचं वजन विचारलं नाही! कुत्र्याचं इंजेक्शन किलोच्या हिशोबाने भरतात. खरा पशुवैद्य आधी वय, वजन, नसबंदी झालीय का, हीटवर (माजावर) कधी आली होती, उलटीत रक्त आहे का, हे विचारतो. याने विचारलं ते पेमेंटचं ॲप कोणतं एवढंच, आणि 2,800 चं औषध ठरवून मोकळा. तिथेच कळायला हवं होतं. पण पिलापासून वाढवलेलं जनावर समोर ओकत असताना कोण समोरच्याची उलटतपासणी घेतो? ‘शिकलेली माणसं कशी फसतात’ म्हणणाऱ्यांनी तशी एक रात्र काढावी आणि मग बोलावं.

सकाळी दवाखान्यात सोनोग्राफी केली. गर्भाशयात पू, पायोमेट्रा. नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्रीला हीटनंतर काही आठवड्यांनी हा होतो. पाणी फार पिणं, मरगळ, उलट्या ही त्याचीच लक्षणं. ऑपरेशन झालं, वाचली. पण त्या चोराची वाट बघण्यात तिची अख्खी रात्र गेली, त्याचा हिशोब कोण देणार?

तुमच्या कुत्र्याचं पोट फुगलं असेल, ओकाऱ्या येताहेत पण बाहेर काही पडत नसेल, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. रिक्षा करा, गाडी मागा, पण तेव्हाच्या तेव्हा निघा. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चुकूनही देऊ नका. उलटीचा फोटो काढून ठेवा.

आता आपली यंत्रणा. बँक म्हणाली, ‘पिन तुम्हीच टाकलात, आमची जबाबदारी नाही.’ पोलीस ठाणं म्हणालं सायबरकडे जा, सायबरवाले म्हणाले हद्दीच्या ठाण्यात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यायची. ते दाखवलं तर ‘कायदा शिकवू नका’. एकाने तर विचारलं, ‘कुत्र्यापायी एवढे पैसे घातलेत?’ अहो, चोरी ही चोरीच ना? माणूस आजारी असता तर हेच विचारलं असतंत? गुन्हेगाराचा नंबर, यूपीआय आयडी, स्क्रीनशॉट सगळं हातात दिलं, तरी कागद या टेबलावरून त्या टेबलावर. पगार घेऊन लोकांना हाकलायचं, एवढंच काम उरलंय का?

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, ताबडतोब फोन करा. चोराने पैसे काढून घ्यायच्या आत तक्रार गेली, तर ते गोठवता येऊ शकतात. घरी येणाऱ्या डॉक्टरला राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. टाळाटाळ केली की फोन ठेवा. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता ते आजच, दिवसाउजेडी, स्वतः जाऊन बघून या. आणि ठाण्यात तोंडी ‘बघतो’ ऐकून उठू नका, लेखी पोच घ्या. माझ्या तक्रारीवर अजून ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसतंय.