मोडेमचं कॉम्प्रेशन ठेवू की पीपीपीचं? (आणि आधी ते भूत शोधा)

अंबडच्या ऑफिसातून दिंडोरीच्या पॅकहाऊसला आमची डायल-अप लिंक होती, ३३.६ केबीपीएसचे दोन मोडेम, दोन्हीकडे लिनक्स आणि पीपीपी (फोनच्या लाईनवरून नेटवर्कची पॅकेट नेणारी पद्धत), आणि काम काय तर प्रीकूलिंगच्या खोल्यांचं तापमान तेवढं इकडे यायचं. ऐन द्राक्षाच्या सीझनमध्ये फोनचं बिल आलं आणि मालक म्हणाले, "अहो, रात्री दोनला तिकडे बोलतंय कोण?" कोणीच नाही, पण मोडेमचे दिवे लुकलुकत होते खरे.

तर कॉम्प्रेशनच्या (डेटा दाबून लहान करण्याच्या) आधी हे भूत. दिवे केबलवरचा बाइट न् बाइट दाखवतात, टीसीपीडम्प (लिंकवरची पॅकेट बघायचा प्रोग्राम) मात्र फक्त आयपी पॅकेट दाखवतो, गोंधळ इथेच होतो. दर ३० सेकंदांनी आधी पाठवायचा दिवा, मागोमाग घ्यायचा, आणि टीसीपीडम्प गप्प, असं दिसलं तर ते बहुतेक एलसीपी एको (लिंक जिवंत आहे का हे पीपीपी स्वतःच विचारतं ते), "आहेस का रे", "आहे", एवढंच. आयडल टायमर (काही काळ काम नसलं की कॉल तोडणारा) ते मोजत नाही, म्हणजे कॉल त्याने लांबत नाही, सोडून द्या. आमचा कॉल लांबवत होतं अकाउंट्सचं विंडोज मशीन, वर्कग्रुपचं नाव शोधत बसायचं, पोर्ट ५३ (नावावरून आयपी नंबर शोधणारं डीएनएस) आणि १३७ (विंडोजची नावं शोधणारं नेटबायोस). पीपीपीडीच्या (लिनक्सवर पीपीपी चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) ॲक्टिव्ह-फिल्टरमध्ये, म्हणजे कोणती पॅकेट काम म्हणून मोजायची त्या यादीत, दोन्ही वगळले आणि रात्रीचे कॉल बंद. (आम्ही तिकडे आयपी नंबरनेच जायचो म्हणून ५३ वगळलेला चालला, तुम्ही नावाने जात असाल तर विचार करून करा.)

आता मोडेम की पीपीपी. मोडेमचं कॉम्प्रेशन म्हणजे व्ही.४२बिस, कागदावर ४ पट, सीपीयूला त्रास नाही, आणि झिप फाईल आली तर ते गपचूप बाजूला होतं. मोडेममधलंच जुनं कॉम्प्रेशन एमएनपी ५ तसं नाही, ते झिप उलट फुगवतं. पण पोर्टचा (कॉम्प्युटर ते मोडेम केबलचा) स्पीड ११५२०० ठेवा, कारण ३८४००ला केबलवरून सेकंदाला ३८४० बाइटच जातात, आणि ३३६००ची लाईन स्टार्ट-स्टॉप बिट (केबलवर प्रत्येक बाइटला लागणारे दोन जादा बिट) काढून टाकते त्यामुळे तिची ताकद सेकंदाला ४२०० बाइटच्या आसपास, म्हणजे मोडेम कितीही हुशार असला तरी केबलच आडवी येते. पीपीपीचं कॉम्प्रेशन म्हणजे डिफ्लेट, ते कॉम्प्युटरमध्येच होतं, केबलवर येईस्तोवर डेटा लहान झालेला असतो, आणि मुख्य म्हणजे पीपीपीस्टॅट्समध्ये (पीपीपीचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) किती कमी झालं ते दिसतं. मोडेमने आत काय केलं ते तिथे दिसणारच नाही. दोन्ही चालू ठेवण्यात काही अर्थ नाही, डिफ्लेट झालेल्यात मोडेमला कमी करायला उरतंच काय. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे लिनक्स असेल तर डिफ्लेट, आणि मोडेमचं बंद करा; पलीकडे कुठला तरी डबा (लिनक्स नसलेलं यंत्र) असेल तर मोडेमचं ठेवा आणि सीसीपीच (पीपीपीचं कॉम्प्रेशन ठरवणारी बोलणी) बंद करा.

पण आमच्याकडे या दोन्हींनी फारसा फरक पडला नाही, आणि यातच दोन रात्री गेल्या. एक रीडिंग २० बाइटचं, त्यावर टीसीपी-आयपीचा हेडर (पॅकेटवरचा पत्ता-क्रमांकाचा भाग) ४० बाइटचा, म्हणजे चटणीपेक्षा पाटा जड. इथे व्हॅन जेकबसनचं हेडर कॉम्प्रेशन (व्हीजे) हवं, ते ४०चे ३ ते ५ बाइट करतं, १९९०पासून आहे आणि आमच्याकडे चालूही होतं, तरी पीपीपीस्टॅट्समध्ये व्हीजे अनकॉम्प्रेस्डचा आकडा चढतच होता. कारण टीसीपी टाइमस्टॅम्प (हेडरमधला वेळेचा शिक्का)! तो ऑप्शन बदलत राहतो, आणि ऑप्शन बदलला की व्हीजे अख्खा हेडर पाठवून मोकळं होतं. दोन्हीकडे टाइमस्टॅम्प बंद केले, कनेक्शन नव्याने जोडलं आणि आकडे कॉम्प्रेस्डच्या रकान्यात जायला लागले. रीडिंग टीसीपीऐवजी यूडीपीवर जात असेल तर मात्र व्हीजेचा उपयोग शून्य, मग चार-पाच रीडिंग एका पॅकेटमध्ये भरा.

आणि तुलना पिंगने (लिंक तपासायच्या छोट्या कमांडने) करू नका, त्यात तेच तेच बाइट असतात, सगळंच भारी दिसतं. लॉगची एक खरी फाईल घ्या, तिचीच झिप करा, दोन्ही पाठवा आणि घड्याळ लावून बघा.