मॉरिशसचा पाऊस आणि आप्पांचा पॅन

डिसेंबरच्या शेवटी तिकडे उन्हाळा असतो आणि उन्हाळ्यातच पाऊस पडतो, हे टूरवाल्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रँड बेच्या हॉटेलातून समोरचा समुद्रच दिसेना. बोटीची सफर रद्द झाली. हॉटेलात मुलांसाठी म्हणून एक खोली होती. तिथं टेबल टेनिसचं टेबल होतं, पण बॅट एकच. दहा वाजेपर्यंत धाकट्यानं मोठीचा चष्मा वाकवला होता.

मॉलमध्ये बसायला मॉरिशस कशाला? पोर्ट लुईला मोठं मत्स्यालय आहे, पण सासूबाईंना बंद काचेतले मासे बघवत नाहीत. मग मी नाव काढलं साखरेच्या संग्रहालयाचं. ‘लाव्हांत्यूर द्यु स्युक्र’, म्हणजे साखरेची साहसकथा. नवरा म्हणाला, “कोल्हापूरची माणसं पैसे मोजून साखर कारखाना बघायला जाणार?” पण सासरे तोवर बूट घालून दारात उभे होते. आप्पांनी आयुष्यभर साखर कारखान्यात पॅनमन म्हणून, म्हणजे पॅनमध्ये रस शिजवून साखर पाडायचं काम केलंय.

पांप्लमूसजवळच्या बो प्लाँमधला हा खराखुरा कारखाना 1999 ला बंद पडला आणि 2002 ला त्याचंच संग्रहालय झालं. ग्रँड बेहून टॅक्सीनं फार वेळ लागत नाही. वाटेत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. त्यांचा हंगाम जूनमध्ये सुरू होऊन डिसेंबरच्या आसपास संपतो, म्हणजे आपल्याकडं गाळप सुरू होऊन गव्हाणीत मोळ्या पडायला लागतात तेव्हा तिकडं आवराआवर. शेतात खोडव्याचे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना आलेले फुटवे बघून आप्पा गाडीतच खूश.

आत सगळं छपराखाली, त्यामुळं पावसाची कटकट नाही. सुरुवातीचा भाग बेटाच्या इतिहासाचा. डचांनी 1639 मध्ये जावाहून ऊस आणला, फ्रेंचांनी वाढवला, इंग्रजांच्या काळात बेटभर पसरला. फलक फ्रेंच आणि इंग्रजीत, आणि वाचायला भरपूर. मुलांसाठी वेगळा सोपा मजकूर आणि कोडी आहेत. माझ्या सहा वर्षांच्या पोरानं कोडी दहा मिनिटांत संपवली आणि “आता काय?” सुरू केलं. मोठी मात्र 1835 पाशी थांबली. त्या साली तिथली गुलामगिरी संपली, आणि मळ्यांना माणसं हवीत म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही त्यात होती. तिनं विचारलं, “म्हणजे आपल्याकडं तोडणीला बीडहून येतात, तसे?” आप्पा म्हणाले, “ते हंगाम संपून पट्टा पडला की परत जात्यात.” पुढं कुणी काही बोललं नाही.

खरी मजा यंत्रांपाशी. ऊस कुठून आत यायचा, रस कुठं गाळला जायचा, कुठं आटवला जायचा, हे जुन्या यंत्रांमधून चालत बघता येतं. व्हॅक्यूम पॅन दिसल्याबरोबर आप्पांनी धाकट्याला उचलून घेतलं. “ह्यो बघ पॅन. आतली हवा काढून घेतली की रस पासष्ट-सत्तर अंशाला उकळतो, साखर करपत न्हाई. आपल्या गुऱ्हाळात काहिलीखाली चुलवाण पेटवत्यात, म्हणून गूळ लाल.” मग शिजता माल पळीनं काढून काचेवर कसा पसरायचा आणि उजेडाला धरून दाणा कसा बघायचा, ते दाखवायला त्यांनी बोटं हवेत चोळली. अंगठा आणि तर्जनी, हलकेच. घरी चहात साखर घालताना ते असंच करतात, हे मला इतक्या वर्षांत तिथं पहिल्यांदा कळलं. पोरगं अर्धा तास हललं नाही. मागं एक फ्रेंच कुटुंबही थांबून ऐकत होतं, कोल्हापुरी मराठीत!

शेवटी दुकान. तिथं वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात, फिकट सोनेरीपासून थेट काळ्या मस्कोवाडोपर्यंत. मोठ्यांसाठी रमही आहे, नवऱ्याची तक्रार तिथं मिटली. मस्कोवाडोतली मळी काढलेली नसते, म्हणून तिला काकवीचा वास आणि ओलसर, चिकट दाणा. सासूबाईंनी चिमूट जिभेवर ठेवली आणि निकाल दिला, “हा तर भुगा केलेला गूळ.” धाकट्यानं प्रत्येक साखर दोनदा चाखली. नंतर तो दिवसभर कसा वागला ते विचारू नका.

आवारात ‘ल फांगुरँ’ नावाचं रेस्टॉरंट आहे. त्या शब्दाचा अर्थ ऊस पिळायचा जुना चरक. आमच्यातले पाच जण शाकाहारी असल्यानं तिथं फक्त गोड खाल्लं आणि जेवायला बाहेर धालपुरी गाठली. शिजवलेल्या डाळीचं सारण भरलेली ती पातळ पोळी सासूबाईंनी तीनदा मागवली.

कोरडा दिवस असेल तर जवळची वनस्पती बाग जोडून घ्या, तिथली परातीएवढाली कमळाची पानं मुलांना आवडतील. आम्हाला पावसामुळं जमलं नाही. संग्रहालयाला मात्र किमान तीन तास ठेवा, आणि पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर इतिहास भराभरा उरकून आधी यंत्रांकडं न्या. परतायच्या गाडीचं जातानाच ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं, आणि बाहेर मिळालेल्या टॅक्सीवाल्यानं पाऊस बघून दुप्पट घेतले.

मस्कोवाडोची दोन पाकिटं आणली. एक शेजारी दिलं, तर वहिनींनी विचारलं, “कोल्हापुरात साखर मिळत नव्हती होय?” दुसरं आप्पांच्या उशाशी आहे, अजून फोडू देत नाहीत.