हॅम्बर्गचं समुद्री कोर्ट आपल्या ट्रॉलरच्या किती कामाचं?

मिरकरवाडा, हर्णै, सातपाटीच्या बोटमालकांनी हॅम्बर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाची एक सेवा नीट समजून घ्यावी. परदेशाने धरलेली बोट आणि खलाशी जामिनावर तातडीने सोडवण्याची ही सोय सागरी कायदा कराराच्या कलम २९२ मध्ये आहे.

वेगाला पैकीच्या पैकी गुण. पहिल्याच ‘सायगा’ प्रकरणात अर्ज १३ नोव्हेंबर १९९७ ला आला आणि निकाल ४ डिसेंबरला लागला. आपल्याकडे एवढ्यात पुढची तारीख पडते. सदस्य देशाला कोर्ट फी नाही. जामीन मात्र भरावाच लागतो. रशियाने धरलेल्या जपानी ‘होशिनमारू’साठी २००७ मध्ये तो १ कोटी रूबल ठरला.

खोच पुढेच आहे. ही खिडकी सरकारांसाठी. मालकाचा वकील उभा राहू शकतो, पण बोटीवर ज्याचा झेंडा त्या देशाचं अधिकारपत्र हवं. कुठल्या कोर्टात जायचं यावर दोन्ही देशांचं अटकेपासून १० दिवसांत जमलं नाही, तरच इथे येता येतं. मासेमारीच्या प्रकरणात अटक अनन्य आर्थिक क्षेत्रातली हवी, म्हणजे १२ मैलांच्या बाहेर, २०० सागरी मैलांच्या आत. ‘बोट १२ मैलांच्या आत होती’ असा दावा झाला की गाडं अडतं. गुजरातच्या बोटींवर जाणाऱ्या पालघरच्या खलाशांनी म्हणूनच फार आशा धरू नये. तिथे भारत-पाकिस्तानमधल्या सर क्रीक खाडीची सीमाच ठरलेली नाही.

कागदांवरूनही केस बुडते. २००१ मध्ये ‘ग्रँड प्रिन्स’ ही बोट बेलीझ या देशाचीच आहे हे कागदांवरून सिद्ध झालं नाही आणि १२ विरुद्ध ९ मतांनी अर्ज दारातच अडला. ‘तोमिमारू’चा अर्ज निकाली निघेपर्यंत रशियन कोर्टांत बोटीची जप्ती पक्की झाली होती, मग सोडवायचं काय? तेव्हा नोंदणी आणि परवाना मुदतीत ठेवा, प्रती किनाऱ्यावर असू द्या, तांडेलाला जीपीएसचा ट्रॅक पुसू देऊ नका आणि बोट धरल्याचं कळताच त्याच दिवशी सरकारकडे लेखी अर्ज टाका.

खलाशी मारला गेला तर हे कलम उपयोगाचं नाही. २०१२ मध्ये केरळसमोर ‘एन्रिका लेक्सी’ जहाजावरच्या इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात २ मच्छीमार गेले. ते भांडण वेगळ्या लवादाकडे गेलं, निकाल २०२० मध्ये लागला. इटलीने दिलेल्या १० कोटींची वाटणी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवली: वारसांना प्रत्येकी ४ कोटी, बोटमालकाला २ कोटी.