कुडाळातला कान-नाक-घशाचा दवाखाना: स्कूबाच्या आधी की नंतर?

ऑक्टोबर ते मे या सीझनमध्ये इथल्या बाकावर दोन प्रकारचे पेशंट असतात: मालवणला स्कूबा करायला निघालेले आणि करून आलेले. दुसऱ्यांनी एका हाताने कान धरलेला असतो. पहिल्यांनी त्यांच्याकडे बघूनच शहाणं व्हावं, पण ते रील बघत बसतात.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "कानात काय काय घालता?" उत्तर ठरलेलं, "काही नाही." मग ते स्वतःच यादी म्हणतात: इअरबड, आगकाडी, हेअरपिन, बाइकची किल्ली, आजीचं लसणाचं तेल. किल्लीपर्यंत पोचेस्तोवर माणूस मान खाली घालतो. "तुमी कान कोरतास कित्याक?" याला आजवर कुणाकडे उत्तर सापडलेलं नाही.

कोरल्याने मळ बाहेर येत नाही, आत ठासला जातो. जमिनीवर त्याने बहुतेकदा नुसतं कमी ऐकू येतं. पाण्यात मात्र मळाचा बोळा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवा अडकते, दाब वाढला की ती आकसते आणि पडदा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. शिवाय एका कानात गार पाणी आधी शिरलं आणि दुसऱ्यात उशिरा, तर पाण्याखालीच गरगरतं. इअरप्लग घालूनही हेच होतं, म्हणून "डॉक्टर, बूच घातलं तर?" हे विचारून त्यांचा वेळ घेऊ नका.

घट्ट मळ एका बैठकीत निघत नाही. थेंब चार-पाच दिवस घालावे लागतात, मग पिचकारी. त्यानंतर कानाची कातडी सुकायला एक-दोन दिवस द्यायचे. म्हणजे डाइव्हच्या निदान आठवडाभर आधी जा. पिचकारीचं पाणी इथे शरीराइतकं कोमट, ३७ अंशांच्या आसपास ठेवतात. गार किंवा कढत असेल तर खुर्चीवरच चक्कर येते. कान वर आणि मागे ओढून पाण्याची धार कानाच्या भिंतीवर मारतात, पडद्यावर नाही. पाणी झेलायचा किडनी ट्रे मात्र तुम्हालाच गालाला लावून धरावा लागतो आणि त्यात जे पडतं ते तुम्हाला आग्रहाने दाखवलं जातं. सोबत बायको असेल तर ऐकू न येण्याचं निमित्त तिथेच संपतं. पडद्याला भोक असेल किंवा पूर्वी ऑपरेशन झालं असेल, तर पिचकारीच्या आधी सांगा. अशा कानात पाणी मारत नाहीत, सक्शनने साफ करतात. भोक असेल तर स्कूबाही नाही.

दवाखान्याला पाचपैकी चार तारे दिलेत ते पुढच्या गोष्टीसाठी. बऱ्याच ठिकाणी बॅटरी मारून "पडदा छान आहे" सांगतात आणि फी घेतात. पण प्रश्न पडद्यामागच्या नळीचा असतो. नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी ही नळी उघडली तरच आत हवा जाऊन पाण्याच्या दाबाशी बरोबरी होते, आणि ती उघडते की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. इथे तुम्हाला नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकायला लावतात आणि त्याच वेळी दुर्बिणीतून पडदा हलतो का ते बघतात. दुसरीकडे गेलात तर हे मागून घ्या. लोक इथे गाल फुगवून लाल होतात. "फुगा नाय फुगवूचो हा," असं ऐकावं लागतं. जोर लावल्याने आतला कान दुखावू शकतो. फुंकून जमत नसेल, तर नाक धरून आवंढा गिळायचा.

पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण, म्हणजे किनाऱ्यावर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो, आणि हवेच्या आकारमानात सगळ्यात मोठा फरक पडतो तो पहिल्या १० मीटरमध्येच. फुंकलंच नाही, तर साधारण १.२ मीटरवर नळी चिकटून बसते आणि मग कितीही फुंका, उघडत नाही. म्हणून दुखायची वाट न बघता पाण्यात डोकं जाताच सुरुवात करायची आणि दर अर्ध्या मीटरला परत. अडलं तर थोडं वर यायचं, तरी नाही जमलं तर डाइव्ह सोडायची.

सर्दी असेल तर इथे सरळ नाही म्हणतात. नाकात स्प्रे मारून उतरू म्हणणाऱ्यांना खास ओरडा बसतो: स्प्रेचा असर खाली असताना उतरला, तर वर येताना हवा आतच कोंडते, आणि वर तर यावंच लागतं.

पाचवा तारा कापला तो थांबायला लागणाऱ्या वेळासाठी. नंबर लावूनही दुपार जाते. तपासणीचे आणि मळ काढण्याचे पैसे वेगळे घेतात, तेव्हा आधी विचारा. "स्कूबासाठी फिट" असा शिक्का मागितलात तर "कान पास, बाकीचे विषय फिजिशियनकडे," असं म्हणून कागदावर फक्त कानाचं लिहितात. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास यांचं खरंच तिकडे विचारायला हवं.

निघताना एक खूण फुकटात शिकवतात: तळवा आडवा हलवून कानाकडे बोट, म्हणजे कानाला त्रास आहे. अंगठा वर करू नका, पाण्याखाली त्याचा अर्थ "वर चला" असा होतो.

रविवारी बंद. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघून रविवारी सकाळी पाण्यात उतरणाऱ्यांनी आपल्याच गावात, आदल्या आठवड्यात कान दाखवून यावं.